बसण्याची मजुरी

मुकादमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर त्यानंतरचा लावलेला असे, पण तो वाजलेला घरात कोणी ऐकला नाही. गजराच्या आधी उठून त्याचं तोंड बंद करायचं, ही तिची दिवसातली पहिली कुरघोडी.

तिला मुकादम कोणी नेमलं नव्हतं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती, तिथे ती रोलरवर होती. ओल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सरळ घालायच्या आणि पलीकडून सपाट होऊन आल्या की घडी करायची. काम दोघींचं. समोरचीने चादरीचं टोक ढिलं धरलं की ही एक शब्द न बोलता चादर पुन्हा ओल्या कपड्यांच्या गाड्यात टाकायची. पगार दोघींचा सारखाच, पण ही दारातून आत आली की बाकीच्या पाठी सरळ करायच्या. म्हणून मुकादम.

तिच्या लेखी माणसांत एकच भेद होता. काही माणसं काम करतात आणि बाकीची पाट्या टाकतात. दुसऱ्या ढिगात तिने जवळजवळ सगळ्या जगाला लोटलं होतं. साबण निघायच्या आत पाणी सोडून द्यायला लावणारा सुपरवायझर त्यात होता, कारण तेवढ्या वेळात त्याला आणखी एक खेप काढायची असे. पाठीला हात न लावता पाठीच्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर होता. आणि सगळ्यात तळाशी, ढिगाखाली चेपलेले, घरचे वाजंत्री होते.

वाजंत्री म्हणजे तिचा नवरा. त्याच हॉटेलात, वरच्या मजल्यावर, तो नाचाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. ती तळघरात चादरी दाबायची आणि हा वर फुंकायचा. लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले, जोडा छान आहे. मग हॉटेलने बँड बंद करून भिंतीत स्पीकर बसवले. बाकीच्या वादकांनी कोणी टॅक्सी धरली, कोणी दुकानात लागलं. वाजंत्री घरी आले, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि बसले.

ते बसले ते बसलेच. रोज रियाज. तोही नुसता नाही, कॅसेटवर भरायचा. तोच सूर लांबवायचा, तेच सहा-सात तुकडे घोळायचे, भरलेलं ऐकायचं, तोंड वाकडं करायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी कॅसेट घालायची. टेपडेक तिच्या पगाराचा. कॅसेटी तिच्या पगाराच्या. क्लॅरिनेटच्या तोंडाशी लागणारी वेताची पट्टी दर थोड्या दिवसांनी फाटायची, तीही तिच्याच पगाराची.

"लोक काम करून दमतात," ती शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे दमणं हेच काम आहे."

वाजंत्री हसायचे. त्यांना राग यायचा नाही, याचाही तिला राग यायचा. शेवटी गेले तेही बसूनच. खुर्चीत, वाद्य मांडीवर. "उठायचे कष्ट तेवढे वाचवले," ती म्हणाली. शेजारणीने पदर तोंडाला लावला, तो रडण्यासाठी की हसू लपवण्यासाठी, कोणाला कळलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं तिने कॅसेटींच्या खोक्याला हात लावला नाही. पण टाकलाही नाही. खोका पलंगाखाली होता आणि ती त्याच्यावर झोपत होती.

मग तिचं निवृत्तीचं वय झालं. खोली हॉटेलची, ती सोडायची होती. मुलीकडे एक लहानशी खोली रिकामी होती, तिथे जायचं ठरलं. तिथून जावई या गोष्टीत आला.

जावई कुठल्याशा कंपनीत खुर्चीवर होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कोणतीही गोष्ट जेवढ्या वेळाची आहे तेवढ्या वेळात झालेली सोसायची नाही. सिनेमासुद्धा तो दीडपट वेगाने बघायचा. माणसं चिमण्यांसारखी बोलायची, रडायचीही भरभर. मुकादमने एकदा ते पाहिलं आणि तेव्हापासून ती त्याला अगदी मानाने 'जावईबापू' म्हणू लागली. तिचा मान कशासाठी असतो, हे घरात फक्त तिच्या मुलीला माहीत होतं.

"आई, ही अडगळ कुठे ठेवणार?" जावयाने खोक्याला बुटाने हळूच ढोसलं. "मी सगळं कॉम्प्युटरवर घेऊन देतो. नखाएवढ्या कार्डात बसेल."

"किती महिने लागतील?"

"महिने? शनिवार-रविवारी होऊन जाईल."

एका माणसाने उभ्या आयुष्यात बसून भरलेलं हा दोन दिवसांत उरकणार होता. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण सामान बांधायचं होतं, आणि खरं सांगायचं तर वाजंत्र्यांचं काम दोन दिवसांचंच आहे असं कोणीतरी सिद्ध केलेलं तिला हवंच होतं.

सोमवारी जावई एक छोटा प्लेअर आणि कानात घालायच्या गोळ्या घेऊन आला. खोका त्याने गाडीत ठेवला होता, रद्दीच्या केंद्रात टाकायला. बांधलेल्या ट्रंकेवर बसून तिने ऐकलं.

क्लॅरिनेट होती. पण ती पाण्याखालून वाजत होती. मशीनमधून पाणी सोडताना शेवटी जसा खळखळाट होतो, तसं प्रत्येक सुराच्या मागे काहीतरी गुरगुरत होतं. आणि एक तुकडा संपतो न संपतो तोच दुसरा येऊन त्याच्या पाठीवर आदळत होता. मध्ये उसंत म्हणून नाही.

"जावईबापू, हा कोण वाजवतोय?"

"म्हणजे? बाबाच की!"

"आमच्या माणसाने जन्मात एवढं सलग काम केलेलं नाही. मधलं कुठे गेलं?"

"मधलं? अहो, ती रिकामी शांतता होती. प्रोग्राममध्ये सोय असते, आपोआप कापून टाकतो तो. रिकामं कशाला साठवायचं?"

"आणि श्वास?"

"कसला श्वास?"

वाजंत्री प्रत्येक तुकड्याआधी श्वास घ्यायचे तो शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. ओझं उचलायच्या आधी हमाल घेतो तसा. त्या श्वासाने तिची दुपारची झोप वर्षानुवर्षं मोडली होती. इतका बारीकसारीक छळ माणूस विसरत नाही. तो श्वास आता नव्हता. जिथे असायला हवा तिथे कागद चुरगाळल्यासारखं काहीतरी होतं.

जावयाने समजावलं. आवाज साठवताना एका सेकंदाला किती जागा द्यायची, त्याचा आकडा आपण निवडायचा असतो. आकडा लहान, तर फाइल लहान. बारीक आवाज तो प्रोग्राम स्वतःच गाळून टाकतो. "मी चौसष्ट ठेवलाय. माणसाच्या कानाला फरक कळत नाही."

"कोणाच्या कानाला?"

"साधारण माणसाच्या."

"त्याहून मोठा आकडा असतो?"

"असतो की. तीनशेवीसपर्यंत. पण उगाच..."

"तीनशेवीस करा."

"आई, जागा पाचपट जाईल."

"माझ्या पगाराचा माल आहे. पुरा भरून घेणार."

जावयाने खांदे उडवले आणि कॉम्प्युटर उघडला. तिने चहाचे कप विसळून पालथे घातले तोवर काम झालंही होतं. यावेळी तरी तिला कळायला हवं होतं. पण पडद्यावर आकडे फुगलेले दिसले आणि ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत तिने रोलरच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "तीनशेवीस! जावयाला करायला लावलं!" समोरचीला कशातलं काही कळलं नाही, पण तिने चादरीचं टोक घट्ट धरलं.

दोन-तीन दिवसांनी, सुट्टीच्या वेळात, धुऊन आलेल्या टॉवेलांच्या ढिगाला टेकून, तिने पुन्हा कानात गोळ्या घातल्या. तीच गुरगुर. तोच चुरगाळलेला कागद. फाइल मोठी, आवाज तोच.

प्लेअर बिघडलेला असणार असं म्हणून ती दुरुस्तीवाल्याकडे गेली.

हा दुरुस्तीवाला वाजंत्र्यांचा दोस्त. अरुंद दुकान, पुढे काउंटर, मागे स्टूल, आणि स्टुलावर तो. त्याला उठलेला कोणी पाहिला नव्हता. एक रेडिओ द्यावा तर ऋतू बदलायचा तरी परत मिळायचा नाही. साहजिकच तिच्या ढिगात त्याची जागा वाजंत्र्यांच्या शेजारी होती. नवरा गेला तेव्हा त्यांचा टेपडेकही याच्याकडेच पडून होता आणि अजूनही फळीवर तसाच होता.

"तीन वर्षं झाली," ती दारातूनच म्हणाली.

"रबरी पट्टा मिळत नव्हता," तो म्हणाला. "मिळाला. बसवून ठेवलाय. कोणी न्यायला आलं नाही."

त्याने मोठा हेडफोन लावला, डोळे मिटले आणि प्लेअर ऐकू लागला. इतका वेळ गेला की तिला वाटलं, झोपला.

"अहो, जागे आहात का?"

"प्लेअर ठणठणीत आहे," त्याने हेडफोन काढला. "बाई, हे आधी आवळलंय आणि मग फुगवलंय. लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात घातला, आटून लहान मुलाच्या मापाचा झाला, की मग तो मोठ्या हँगरवर टांगायचा. हँगर मोठा आहे, पण तुमच्या नवऱ्याच्या अंगात जाईल का?"

"मला स्वेटर शिकवताय? मला?"

पण तिचे कान तापले होते. हा हँगर जावयाने नव्हता मागितला. तिनेच मागितला होता, हट्टाने, आणि लाँड्रीभर मिरवला होता. असा स्वेटर कोणी तिच्यापुढे आणला असता तर तिने आणणाऱ्याला उभं सोलून काढलं असतं.

"शिवाय हे कॅसेट दुप्पट वेगाने फिरवून ओढून घेतलंय," तो म्हणाला. "वरचे बारीक आवाज तिथेच गेले. आता त्यातून कोणी काही परत काढू शकत नाही. मूळ कॅसेटी आहेत ना?"

तोवर ती रस्त्यावर आली होती.

मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "खोका ना? सोमवारीच गाडीत नेला त्याने. टाकला असेल. का गं?"

आज शुक्रवार.

जावयाच्या ऑफिसात काचेचं दार होतं, काचेमागे एक हसरी मुलगी होती. मुकादमच्या अंगावर अजून लाँड्रीचा डगला होता. "सामान घ्यायचं असेल तर मागचं दार," हसरी म्हणाली. "सामान नाही, जावई घ्यायचाय," मुकादम म्हणाली. "खाली गाड्यांपाशी पाठव त्याला." आणि जाऊन गाडीपुढे उभी राहिली.

जावई धावत खाली आला. "आई! इथे? काय झालं?"

"डिकी उघडा."

"का?"

"उघडा, जावईबापू."

डिकी उघडली. आत पंप होता, छत्री होती, व्यायामाचे न वापरलेले बूट होते. आणि त्यांच्या मागे, सुतळी बांधलेला, खोका.

"टाकायचा राहून गेला," जावई ओशाळून म्हणाला. "रोज म्हणतो आज टाकू, पण ते केंद्र वाकड्या वाटेवर आहे, म्हणजे..."

तिने खोक्यावर हात ठेवला. जन्मभर जिने पाट्या टाकणाऱ्यांच्या नावाने खडे फोडले, तिचं भलं एका पाट्या टाकणाऱ्याने केलं होतं, तेही कसलाही प्रयत्न न करता. हे तिच्या घशाखाली उतरेना.

"उचला," ती म्हणाली.

"मी? आत्ता? वर मीटिंग आहे."

"दीडपट वेगाने बोलायला सांगा त्यांना."

दुरुस्तीवाल्याने एक कॅसेट उघडली, उजेडात धरली, नाकाशी नेली. फितीखालचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा गळून पडला होता. फितीवरचं तपकिरी पीठ बोटाला लागत होतं.

"एकदा वाजतील," तो म्हणाला. "नीट वाजतील. दुसऱ्या खेपेचा भरवसा नाही."

म्हणजे जे काय ठरवायचं ते आताच. कोणता आकडा, हा प्रश्न आता गमतीचा राहिला नव्हता. चुकला तर वाजंत्री कायमचे पाण्याखाली.

"सांगा मग," ती म्हणाली. "तीनशेवीस तरी बरोबर की तोही जावयाचा?"

"पहिल्या खेपेला कुठलाच नाही. दाबायचंच नाही. आहे तसं, पुरतं उतरवून घ्यायचं आणि ती मोठी फाइल जपून ठेवायची. मग तिच्यातून लहान किती हव्या तेवढ्या काढा. लहान करायचं ते शेवटी, आणि एकदाच. तिथेही सगळ्या सेकंदांना एकच आकडा लावायचा नाही. जिथे काम जास्त तिथे जागा जास्त घेऊ द्यायची. जिथे माणूस नुसता बसलाय तिथे कमी."

"मग आमच्याकडे फारशी लागायची नाही," ती म्हणाली.

तो हसला नाही. त्याने फळीवरून तो जुना डेक काढला. ज्या यंत्रावर भरलं त्याच यंत्रावर सगळ्यात खरं वाजतं, म्हणाला. कापसाला स्पिरिट लावून त्याने, फीत जिथे टेकते ते, आतलं तोंड पुसलं. नवा नमदा चिकटवला. मग बारीक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिला, सूर धारदार होईपर्यंत. मुकादम पाहत होती. हात सावकाश होते, पण एकही हालचाल फुकट नव्हती. तिला हे दिसलं आणि तिने दुसरीकडे पाहिलं.

"किती वेळ लागेल?"

"कॅसेट जेवढी तेवढा. दीड तासाची दीड तास. सगळ्या अशाच. कोणीतरी समोर बसायला पाहिजे. फीत चिकटली तर त्याच क्षणी थांबवायची, नाहीतर चावली जाते."

"आणि तेवढा वेळ तुम्ही काय करणार?"

"बसणार."

"आणि मजुरी?"

"बसण्याचीच."

ती खवळली. "बसण्याची मजुरी मी घरात एकाला जन्मभर दिली! आता दुकानातही द्यायची? जमणार नाही. मी बसते."

"बसा," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यादेखत स्टुलावरून उठला. बाजूच्या खोक्यावर टेकला.

तिने कॅसेट घातली, बटण दाबलं. खरखर. मग तो श्वास. मोठा, हमालाचा, छातीच्या तळातून. मग सूर. लांब, सरळ, जरासा थरथरला. चुकला. थांबला. खुर्ची करकरली. पुन्हा श्वास, पुन्हा तोच सूर. काहीच होत नव्हतं. तिने काउंटरवरची धूळ बोटाने पुसली. मग पदराने पुसली. मग स्क्रूंच्या डब्या मापाने लावू लागली. डेकला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेषा लाल झाली, दुरुस्तीवाल्याने हात लांब करून आवाज खाली आणला. ती पुन्हा बसली. सूर पुन्हा चुकला. तिने डबी उचलली.

आणि मग लांबून, भिंतीपलीकडून, एक तिखट आवाज आला: "अहो ऐतखाऊ! दूध उतू चाललंय! दिसत नाही की हलवत नाही?"

मुकादम ताडकन उठली. गॅस कुठे म्हणून वळली. डबी पडली, स्क्रू सांडले, कोपर डेकला लागलं. दुरुस्तीवाल्याने झडप घालून बटण दाबलं.

दूध नव्हतंच. दुकानात फक्त रेडिओ होते.

त्याने फीत हळूच बोटाने सैल केली. एक जराशी चुणी पडली होती. वाचली होती.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं दूध त्या दिवशीच उतू गेलं. तुम्हाला बसणं जमायचं नाही. ते निराळं काम आहे."

असं तिला कोणी कधी बोललं नव्हतं. तिने खाली वाकून सगळे स्क्रू वेचले, मापाप्रमाणे डब्यांत घातले. मग पर्स उघडली.

"घासाघीस नाही?" त्याने विचारलं.

"नीट बसा म्हणजे झालं. डुलकी दिसली तर पैसे कापीन."

पुढे दिवसचे दिवस ती दुपारी दुकानावरून जायची, आत डोकावायची. तो स्टुलावर असायचा, हात मांडीवर, नजर डेकच्या काट्यावर. एकदा जावईही आला. पाचेक मिनिटं उभा राहिला आणि विचारलं, "हे जरा फास्ट नाही करता येणार?" दुरुस्तीवाल्याने मान वर केली नाही. मुकादमने जावयाकडे पाहिलं, तेवढंच पुरलं.

ती मुलीकडे राहायला गेली तेव्हा खोका दुकानात राहिला आणि विटेएवढी एक डिस्क तिच्या ट्रंकेत आली. शिवाय जावयाच्या फोनसाठी लहान फाइली, जिथे काम जास्त तिथे जागा जास्त घेणाऱ्या. संध्याकाळी मुलीने त्यातली एक लावली. श्वास आला. सूर आला, चुकला, खुर्ची करकरली. मग भिंतीपलीकडचा तो आवाज आला, आणि जावई खो खो हसत सुटला. "आई, ही तुम्ही? ऐतखाऊ म्हणताय बाबांना!"

"बरोबरच म्हणत होते," ती म्हणाली. "बंद करू नका. अजून वाजवायचेत ते."

या वेळी जावयाने वेग वाढवला नाही.

हॉटेल सोडताना तिला एकरकमी पैसे मिळाले होते. मुलीला वाटत होतं, आई कपडे धुवायचं चांगलं मशीन घेईल, आता तरी. जावयाने गुंतवणुकीचे दोन-तीन मार्ग शोधून ठेवले होते. जेवताना मुलीने विषय काढला.

"आई, ते पैसे कुठे ठेवलेस?"

"दिले."

"कोणाला? कशाचे?"

मुकादमने तोंडातला घास चावून संपवला. घाई केली नाही.

"एका माणसाच्या बसण्याचे," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा."